जिभीतलं लाकडी कॉटेज, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात

हिमाचलमध्ये मार्चच्या सुरुवातीला कॉटेज घेऊन राहायचं असेल, तर मालकाला फोनवर सगळ्यात आधी एक गोष्ट विचारा: खोलीत ऊब देणारा लाकडाचा तंदूर आहे का, आणि असेल तर रोज लाकूड किती मिळतं? खिडकीतून काय दिसतं हे नंतर विचारलं तरी चालेल, कारण या खोऱ्यात बहुतेक सगळ्याच खिडक्यांतून डोंगर दिसतो. संध्याकाळी ऊन कड्याआड गेलं की दहा मिनिटांत हवा बदलते. त्यानंतरचे चौदा तास खोली उबदार आहे की नाही, यावर तुमचा सगळा मुक्काम ठरतो. सोबत वयस्कर माणूस असेल तर जास्तच. माझ्यासोबत आई होती. वय चौऱ्याहत्तर, एक गुडघा दुखरा, आणि मनात कित्येक वर्षांची एकच इच्छा: बर्फाजवळचा वसंत बघायचा.

जिभी हे कुल्लू जिल्ह्यातल्या बंजार भागातलं गाव, उंची साधारण १८०० मीटर. ओढ्याकाठी देवदारांचं दाट रान, वरच्या अंगाला शेतं, सफरचंदाच्या बागा आणि स्लेटच्या छपरांची घरं. गेल्या काही वर्षांत इथे कॉटेजेस भराभर वाढली. त्रिकोणी काचेची, झाडावरची, ओढ्याला चिकटून बांधलेली, सगळ्या तऱ्हेची आहेत. आम्ही निवडलं ते गावापासून जरा वर, एका कुटुंबाच्या अंगणातलं. त्याचं नाव मुद्दाम देत नाही. दोनच खोल्या आहेत, आणि अशी घरगुती कॉटेजेस या खोऱ्यात बरीच आहेत. मी लिहितेय ते त्यातलं कुठलंही निवडताना उपयोगी पडावं.

पोहोचण्याबद्दल थोडक्यात. मनालीकडे जाणाऱ्या रात्रीच्या बसने औटला उतरायचं. औटचा बोगदा लागण्याआधी बंजारचा फाटा आहे. ड्रायव्हरला आणि कंडक्टरला रात्रीच सांगून ठेवा, कारण तिथे बस पहाटे पोहोचते आणि सगळे झोपेत असतात. पुढे बंजारपर्यंत लोकल बस मिळते, तिथून जिभी आठ-नऊ किलोमीटर. आईमुळे आम्ही औटहूनच टॅक्सी केली, आणि ती मालकांनीच पाठवली होती. पहाटेच्या थंडीत सामान घेऊन रस्त्याच्या कडेला उभं राहावं लागलं नाही, याचं मोल मोठं आहे.

आता कॉटेज. मालकांचं राहतं घर जुन्या काठकुणी पद्धतीचं आहे. देवदारचे चौकोनी वासे आणि घडीव दगडांचे थर एकाआड एक रचून भिंत उभी केलेली, मध्ये सिमेंट नाही, चुना नाही. कोपऱ्यात वासे एकमेकांत अडकवलेले. या भिंती भूकंपात हलतात पण ढासळत नाहीत, असं इथली माणसं विश्वासाने सांगतात, आणि त्यांच्याकडे पुरावाही आहे. बंजारजवळच्या चैहणी गावातला दगड-देवदारचा उंच मनोरा ४ एप्रिल १९०५ च्या कांगडा भूकंपानंतरही उभा राहिला. वरचे काही मजले तेव्हा गेले, असं गावात सांगतात. त्यालाच चैहणी कोठी म्हणतात. आमचं कॉटेज मात्र नवं, खाली दगड आणि वर लाकूड. भिंती जुन्या घराइतक्या जाड नाहीत, पण आतून लाकडाची दुहेरी फळी मारलेली असल्याने वारा शिरत नव्हता. छत मुद्दाम बुटकं ठेवलंय. फोटोत ते कोंदट वाटतं, राहायला लागल्यावर त्याचं महत्त्व कळतं. उंच छताच्या, काचेच्या भिंतीच्या त्रिकोणी कॉटेजमध्ये राहिलेलं एक जोडपं आम्हाला बाजारात भेटलं. रात्री जॅकेट घालून झोपतोय म्हणाले. ऊब सगळी वर शेंड्याला जाऊन बसते आणि काचेतून निघून जाते.

तंदूर म्हणजे इथे रोटीची भट्टी नाही, खोलीत ठेवायची लोखंडी शेगडी. चार पायांवर उभी, पुढे छोटं दार, मागून निघालेलं धुराडं भिंतीतून बाहेर गेलेलं. वर पाण्याचं पातेलं ठेवायला जागा. पहिल्या संध्याकाळी मालकांचा मुलगा पेटवायला आला तेव्हा मी शेजारी बसून नीट बघून घेतलं. आधी त्याने खालची राख थोडीच काढली, बोटभर थर तसाच ठेवला. मग राळेने भरलेल्या चिडाच्या म्हणजे पाइनच्या दोन ढलप्या, त्यांना काडी लावताच त्या तेल ओतल्यासारख्या पेटल्या. त्यावर बारीक फाटे, आणि ते धरल्यावर एक जाडा ओंडका, आडवा. धुराड्यातली झडप आधी पूर्ण उघडी, आणि जाळ ‘गुर्र’ आवाज करायला लागला की अर्धी बंद. नवखे लोक झडप उघडीच ठेवतात, म्हणून लाकूड तासाभरात संपतं आणि ऊब धुराड्यातून बाहेर जाते, असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून मीच पेटवला. अर्धी झडप आणि झोपताना एक जाडा ओंडका, एवढ्यावर रात्री दोनपर्यंत खोली ऊबदार राहायची. पुढे पहाटेपर्यंत दोन रजया. सगळ्यात जास्त थंडी पहाटे पाचला असते. त्या वेळी आईला उठावं लागणार हे गृहीत धरून मी पातेल्यात पाणी भरून ठेवायचे, ते सकाळपर्यंत कोमट असायचं.

एक गोष्ट जीव तोडून सांगते. धुराड्याचा तंदूर आणि उघड्या निखाऱ्यांची शेगडी यात फार फरक आहे. काही ठिकाणी तंदूर नसला की पाहुण्यांना कोळशाची अंगीठी आणून देतात. ती बंद खोलीत घेऊन झोपायचं नाही, कितीही थंडी असली तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि उत्तरेत दर हिवाळ्यात माणसं अशी झोपेत जातात. अंगीठी देऊ केली तर अंगणात शेकून घ्या आणि खोलीत जादा रजई मागा. विजेच्या हीटरवरही विसंबू नका. संध्याकाळी सगळीकडे हीटर लागले की व्होल्टेज पडतं, आणि बर्फ किंवा वाऱ्यात वीज जातेच.

खोलीबद्दल माझी तक्रार बाथरूमची आहे. बाथरूम स्वच्छ, कमोड चांगला, आईसाठी भिंतीला धरायला दांडाही होता. पण पाण्याचा पाइप अंगणातून उघड्यावरूनच आणलेला. आम्ही असताना एका रात्री पाऊस आणि भुरभुर बर्फ झाला, दुसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं निरभ्र झालं, आणि त्या निरभ्र रात्री पाइप गोठला. बर्फ पडताना ढगांचं पांघरूण असतं, त्यामुळे थंडी त्या मानाने कमी. खरा कडाका आभाळ मोकळं झाल्यावर पडतो. सकाळी नळाला थेंब नाही. मालकीणबाईंनी घरातल्या हमाममधून कढत पाण्याच्या दोन बादल्या आणून दिल्या आणि मनापासून ओशाळल्या. हमाम म्हणजे आपला बंबच, मधल्या नळकांड्यात लाकूड जाळायचं आणि भोवती पाणी. दहा वाजता पाइपवर ऊन आल्यावर पाणी सुरू झालं. पाइपला गोणपाट गुंडाळलं असतं तर हे झालं नसतं. मी तसं सांगितलं, आणि त्यांनी त्याच दुपारी गुंडाळलं. तरी या दिवसांत रात्री झोपताना एक बादली भरून ठेवाच.

दुसरी तक्रार कॉटेजची नाही, ज्या बुकिंग साइटवरून आम्ही खोली शोधली तिची. तिथले सगळे फोटो जानेवारीतले, अंगणात गुडघाभर बर्फ. ते बघून येणारे लोक मार्चमध्ये हिरमुसतात. शेजारच्या खोलीतली मंडळी पहिल्याच दिवशी ‘बर्फ कुठंय’ म्हणून मालकांवर चिडली, आणि मला त्या माणसाचं वाईट वाटलं. १८०० मीटरवर मार्चमध्ये अंगणात बर्फ पडला तरी तो दुपारपर्यंत पागोळ्यांनी गळून जातो. बर्फ हवा तर वर जायचं. दर हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. जलोडी खिंड ३१०० मीटरच्या वर आहे, म्हणजे जिभीपेक्षा आठेक अंश थंड. तिथे या दिवसांत बर्फ भरपूर असतो. खिंडीतला रस्ता हिवाळ्यात बंद असतो आणि मार्चमध्ये कधी उघडेल ते त्या वर्षीच्या बर्फावर ठरतं. आम्हाला खिंडीच्या वाटेवरच्या शोजा गावाच्या थोडं पुढेपर्यंत जाता आलं. सावलीतल्या वळणांवर डांबरावर पातळ पारदर्शक बर्फ असतो, तो दिसत नाही. इथे स्वतःची गाडी घालू नका, स्थानिक ड्रायव्हर घ्या. आई टॅक्सीतून उतरून कडेच्या ढिगावर हात ठेवून उभी राहिली. बर्फ वरून कडक आणि खडबडीत, मध्ये देवदाराच्या सुया अडकलेल्या. तिला तेवढंच पुरलं, आणि मलाही.

पण मी हे सगळं लिहायला बसले ती अंगणासाठी. मार्चची ही पंधरवडाभराची वेळ पाहुण्यांच्या हिशेबात अधलीमधली समजली जाते. बर्फ संपलेला आणि सफरचंदाचा फुलोरा यायचा असतो, तो एप्रिलमध्ये. म्हणून खोल्या रिकाम्या असतात. मला मात्र वाटतं की डोंगरातला वसंत बघायचा तर याच वेळी, कारण तो डोळ्यांदेखत वर चढत असतो. खाली औटकडे येताना बुरांशाची म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची झाडं लालभडक झालेली होती. जिभीत त्याच्या कळ्या फुटत होत्या आणि शोजाच्या वाटेवर त्या अजून घट्ट मिटलेल्या. समोरच्या डोंगराचं दक्षिणेकडे तोंड केलेलं अंग तपकिरी-हिरवं, कोरडं, तिथे गुरं चरत होती. त्याच डोंगराच्या उत्तरेच्या घळीत बर्फाचे पट्टे तसेच. खोलीच्या पायरीवर बसून आई रोज सकाळी सांगायची, कालच्यापेक्षा तो पट्टा किती आखडला.

अंगणाच्या कडेला खुरमानीचं म्हणजे जर्दाळूचं एक झाड होतं. पान एकही नाही, आणि काळ्या खरबरीत फांद्यांवर फिकट गुलाबी-पांढरी फुलं. अलुच्याचं म्हणजे प्लमचं झाड त्याच्या पलीकडे, तेही फुललेलं. सफरचंदाची झाडं मात्र अजून उघडी होती, बुंध्यांना चुना लावलेला, छाटलेल्या जागी निळसर लेप. जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक डोळ्याच्या टोकाला रुपेरी लव दिसायला लागली होती. मालक म्हणाले, झाडाला आधी थंडीची भूक असते. सात अंशांच्या खालचे हजार-बाराशे तास जुन्या रॉयल जातीला मिळाले तरच डोळे एकसारखे फुटतात, नाहीतर फुलोरा मागेपुढे होतो आणि फळ धरत नाही. म्हणून बर्फ कमी पडलेल्या वर्षी इथला बागाईतदार एप्रिलची वाट धास्तावून बघतो. पाहुण्यांना बर्फ फोटोसाठी हवा असतो, त्यांना झाडांसाठी. हे ऐकल्यापासून माझी बर्फाकडे बघायची नजर बदलली.

एका दुपारी ते उन्हात बसून कलमं बांधत होते. हिवाळ्यात कापून ओल्या वाळूत जपलेल्या पेन्सिलीएवढ्या काड्या, आणि समोर कुंड्यांत रोपं. रोपाचा शेंडा तिरका कापायचा, काडीचं टोक तितकंच तिरकं, मग दोन्हीत एकेक उभी खाच, आणि ती जिभेत जीभ अडकवल्यासारखी बसवायची. सगळा जोर एका गोष्टीवर: सालीखालचा हिरवा थर एका बाजूने तरी एकमेकांना भिडला पाहिजे. मग पट्टीने करकचून गुंडाळायचं. आईला कलमं बांधायची जुनी हौस आणि हात. तिने चाकू मागितला. ‘माताजी, उंगली संभालना,’ म्हणत त्यांनी दिला. तिने तीन बांधली. त्यांनी ती उलटीसुलटी करून नीट पाहिली, एकाची पट्टी सोडून पुन्हा घट्ट केली, आणि आईच्या समोर त्या तिन्हींना वेगळ्या रंगाची दोरी बांधून रांगेत ठेवलं. पाहुणचाराचे गुण द्यायचे झाले तर माझे सगळे गुण या दुपारला.

आजूबाजूची बाकी मजा. पहाटे ओढ्याकडून निळ्या शीळकरी कस्तुराची लांबलचक शीळ येते, अंधार असतानाच. दिवसभर रानातून मोठ्या तांबटाचं ओरडणं, तक्रार केल्यासारखं, न थांबता. ओढ्याचं पाणी सकाळी कमी आणि आरपार दिसणारं, संध्याकाळकडे वाढतं आणि जरा गढूळ होतं, कारण दिवसभर वर वितळलेला बर्फ तोवर खाली पोहोचलेला असतो. लहान मुलांना पाण्यात उतरवायचं असेल तर ही गोष्ट लक्षात ठेवा. दगडांवर सकाळी पांढरा थर असतो, तो घसरतो. ट्राउट पकडायची हौस असणाऱ्यांसाठी: नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी असते, मार्चपासून मत्स्य विभागाचा परवाना घेऊन तीर्थन नदीत गळ टाकता येतो.

चैहणी कोठीला मी एकटीच गेले. बागी गावच्या शृंगा ऋषी मंदिराजवळून तासाभराची चढण आहे, आणि वाटेवर बर्फ वितळून चिखल. कोठीत वर जाता येत नाही, बाहेरून बघायची. मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या वरच्या वाटा या दिवसांत बर्फाखाली असतात. २०१४ मध्ये जागतिक वारसा ठरलेलं हे रान बघायला मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. मार्चमध्ये गुशैनीच्या बाजूने नदीकाठी चालून यायचं, तेवढं आईसारख्या माणसालाही जमतं.

जेवणाबद्दल एक सूचना. न सांगता राहिलात तर पनीर, मॅगी आणि परोठे येतात, कारण पाहुणे तेच मागतात असं त्यांना वाटतं. आम्ही दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंना म्हटलं, तुम्ही घरात जे खाता तेच द्या. मग राजमा, लाल भात, मक्याची रोटी, आणि सिड्डू. सिड्डूचं पीठ आंबवून उबेला ठेवावं लागतं, म्हणून सकाळीच सांगावं लागतं. आत अक्रोड आणि खसखस, वाफवलेला, आणि वर तूप ओतलेलं. आईला चावायला मऊ पडला, ती रोज मागायला लागली. बुरांशाची चटणी आंबट-तुरट, ताज्या फुलांची, ती फक्त याच दिवसांत. चहा मात्र फार गोड. कमी साखरेचा सांगा, वाईट वाटून घेत नाहीत.

कोणी इथे येऊ नये? ज्यांना रोज नवं ठिकाण बघायचंय, ज्यांना चोवीस तास गरम पाणी आणि इंटरनेट लागतं, त्यांनी मे महिन्यात मनालीला जावं. गावातून कॉटेजपर्यंत पन्नास-साठ दगडी पायऱ्या आहेत, उंची कमीजास्त. आईला वर यायला वीस मिनिटं लागली आणि मालकांचा मुलगा प्रत्येक पायरीला हात धरून सोबत होता. गुडघ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असेल तर गाडी दारात जाते असं कॉटेज शोधा, आणि ‘रस्त्यापासून किती पायऱ्या’ हे नेमकं विचारा. ‘थोडंसं चालावं लागतं’ या उत्तरावर थांबू नका. पहाडातल्या माणसाचं थोडंसं आपल्याला बरंच होतं.

पैशांचं सांगून थांबते. दोघींना मिळून रात्रीचे साडेतीन हजार रुपये, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून. दुपारचं सांगाल तसं, वेगळं. संध्याकाळचा लाकडाचा एक भारा त्यात येतो, दुसरा हवा असेल तर तीनशे रुपये. ते तीनशे देताना अजिबात घासाघीस करू नका. लाकूड पाठीवरून आणलेलं असतं. एप्रिलमध्ये फुलोऱ्याच्या वेळी खोलीचा हाच भाव बराच वाढतो. आगाऊ रक्कम फोनवरून गेली, बाकीची रोख दिली, कारण वरच्या अंगाला रेंज येते-जाते आणि पैसे अडकतात. रोख रक्कम बंजारलाच काढून घ्या. जाताना पायमोजे लोकरीचे, चिखलात चालतील असे बूट, बॅटरी आणि वयस्कर माणसासाठी गरम पाण्याची पिशवी एवढं घ्या. बाकी रजया, शाली आणि टोप्या त्यांच्याकडे भरपूर आहेत, आणि धुतलेल्या असतात.